गिरणगावच्या चाळींच्या आठवणी : स्थलवाचक शब्दांच्या आधारे एक परीक्षण

मुंबईच्या गिरणगावातील चाळी जसजशा पाडल्या गेल्या, तसतसे त्यांच्याविषयीच्या आठवणींचे लेखन मराठीत वाढत गेले. या लेखनाचे मूल्यमापन बहुधा भावनेच्या निकषावर होते. आठवण किती हृद्य आहे, तीत आपलेपणा किती उतरला आहे, एवढेच पाहिले जाते. परंतु पाडलेल्या वास्तूविषयीच्या लेखनाला साक्षीचे मूल्य असते आणि साक्ष हृद्य असण्याआधी नेमकी असावी लागते. हा नेमकेपणा पारखण्याचे एक साधन म्हणजे त्या लेखनातील स्थलवाचक शब्द होत.

गिरण्यांत आलेला कामगार मुख्यत्वे कोकणातून आणि घाटावरून आला. त्याच्या गावच्या घराला भागाभागांची नावे होती. कोकणात खळे, ओटी, पडवी, माजघर, परस. घाटावर सोपा, परडे. घर लहान असले तरी कोणते काम कोठे करावयाचे, हे त्या नावांनीच ठरून जाई. चाळीत आल्यावर ही सारी नावे गळून पडली आणि ‘खोली’ व ‘मोरी’ असे दोनच शब्द घरापुरते उरले. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. एवढ्या जागेत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, बाळंतपण आणि झोप ही सर्व कार्ये होत. जागेची नावे गेली, पण कार्यांतील भेद गेला नाही. तो स्थळाकडून काळाकडे सरकला. सकाळी जे स्वयंपाकघर, तेच दुपारी रात्रपाळीहून आलेल्याचे निजघर आणि संध्याकाळी मुलांची अभ्यासिका.

या स्थित्यंतराचा पुरावा ‘पाळी’ या एका शब्दात सापडतो. गिरणीतील कामाची पाळी आणि सार्वजनिक नळावरची पाळी हे दोन स्वतंत्र अर्थ चाळीच्या जीवनात एकमेकांत मिसळले. गावकीच्या खोल्यांत एकाच गावचे अनेक पुरुष राहत. कामावर गेलेल्याच्या जागी परत आलेला आडवा होई, म्हणजे झोपेलाही पाळी असे. तेथे माणसाच्या हक्काची जागा म्हणजे त्याची ट्रंक आणि वळकटी. गिरणीचा भोंगा यंत्रांइतकाच खोलीचाही कारभार चालवीत असे.

हे ध्यानात घेतले म्हणजे चाळीविषयीच्या लेखनातील एक ढोबळ फरक स्पष्ट होतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाने चाळीला मराठी वाचकाच्या मनात कायमचे स्थान दिले. ती चाळ मध्यमवर्गीय बिऱ्हाडकरूंची आहे. तिचा विनोद आणि अखेरच्या चिंतनातील हुरहुर या दोन्हींचे अधिष्ठान शेजार हे आहे. त्या पुस्तकाच्या हेतूला धरून हे योग्यच होते. दोष पुढील आठवणकारांचा आहे. त्यांनी तीच हुरहुर गिरणी कामगारांच्या चाळीला जशीच्या तशी लावली. अशा लेखनात ‘चाळ’ हा शब्द पुनःपुन्हा येतो, त्याच्यामागे ‘माया’, ‘एकोपा’, ‘जिव्हाळा’ ही भाववाचक नामे येतात; परंतु नळ किती वाजता येई, रात्रपाळीचा माणूस कोठे निजे, हे कळत नाही. ज्या टंचाईतून तो एकोपा घडला, ती टंचाई वगळून एकोप्याचेच गुणगान केले, तर आठवण गोड होते, पण खरी राहत नाही.

याच्या उलट जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक पाहावे. १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाची पडझड चाळीतल्या एका खोलीत घडते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांपैकी असंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही. बेकारीचे आर्थिक परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. पण खोलीवर झालेला तिचा परिणाम या नाटकाइतका स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल. पाळी संपली, तेव्हा खोलीतील जागेची वाटणी करणारा काळही संपला. कर्ती मुले एकाच वेळी घरात. कोणाला कोणापासून आडोसा नाही. त्या कुटुंबातील भांडणांना स्वभावदोषांइतकाच हा मोडलेला कालक्रमही कारण आहे. म्हणूनच ‘अधांतर’मध्ये चाळीविषयी हळहळ न उच्चारताही चाळीचा अंत पूर्णपणे व्यक्त झाला आहे.

आणखी एक निकष सुचविता येईल. आठवणपर लेखनात ‘गॅलरी’ हा शब्द जितक्या सहजतेने येतो, तितक्या सहजतेने ‘मोरी’ येत नाही. गॅलरी ही मुलग्यांच्या खेळाची, तरुणांच्या गप्पांची, पुरुषांच्या झोपण्याची जागा. मोरी ही बाईच्या कष्टाची आणि संकोचाची जागा. तेथे अंघोळ करावयाची तर घरातील पुरुषांनी बाहेर जावे लागे. तेव्हा ज्या आठवणीत केवळ गॅलरी आहे, ती अर्ध्या चाळीची आठवण होय. आपलेपणालाही एक कुंपण होते. गिरणीच्या विणकाम खात्यात दलितांना मज्जाव असे, आणि वस्तीची वाटणीही पुष्कळदा जातीवार असे. नोकरीच्या ठिकाणी जात झाकून राहणाऱ्या कामगाराची बाबुराव बागुलांची कथा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहात आहे. कामगारवस्तीतील शेजाराविषयी लिहू इच्छिणाऱ्याने ती आधी वाचावी.

या दृष्टीने मौखिक साधनांचे महत्त्व मोठे आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांचा गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतही आला. बोलणारा माणूस साचा, खाडा, बदली, मुकादम हे शब्द स्पष्टीकरणाशिवाय वापरतो. लेखक वाचकाच्या सोयीसाठी जे शब्द गाळतो, तेच येथे टिकून राहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. ही घरे ५०० चौरस फुटांची आहेत. त्यांत हॉल, किचन, बेडरूम अशी भागांची नावे पुन्हा आली. गावच्या घराने एकेकाळी दिलेला आडोसा तीन-चार पिढ्यांनंतर परत मिळाला. त्याचे मोल कमी लेखण्याचा अधिकार आठवणकाराला नाही. मात्र सामायिक गॅलरी आणि तिच्याशी जडलेले शेजारधर्माचे शब्द यांना आता आधार उरणार नाही. लाभ आणि हानी दोन्ही एकाच वाक्यात मांडू शकेल, तोच या विषयाचा खरा लेखक.

नंदुरबार जिल्ह्यातील अभ्यासकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीत १९९३ साली पाणी शिरले. तेथील अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत आली. येथे घडले ते गिरणगावाच्या उलट. चाळकऱ्यांची रांग मोडली. सातपुड्यातल्या माणसाची आपापल्या शेतालगत विखुरलेली घरे रांगेत आली. पाडा गेला आणि प्लॉट आला. नदीकाठच्या घराच्या भागांना, वाटांना, उतारांना भिलोरी आणि पावरी बोलींत जे शब्द होते, ते ज्यांनी त्या घरांत बालपण काढले त्यांच्याच तोंडी आज आहेत. त्यांची मुले वसाहतींत वाढली आहेत. ते शब्द बोलणाऱ्यांच्याच उच्चारांत, कोणत्या कामाच्या संदर्भात आले यासह, नोंदवून ठेवणे हे या विद्यार्थ्यांपुढील तातडीचे काम आहे. गिरणगावाला त्याचे लेखक घरे पडण्यापूर्वीच लाभले होते. नर्मदाकाठच्या घरांविषयी तसे म्हणता येत नाही.