छंदयंत्रमानवाचे दूरनियंत्रण : आज्ञा आणि निर्णय

छंदयंत्रमानवास संगणकावरून बिनतारी आज्ञा देऊन चालविणे हा पदव्युत्तर प्रकल्पांचा आवडता विषय होय. २००६ साली आलेल्या लेगो माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी या संचाने तो विशेष सुलभ केला. ३२ बिटी प्रक्रियक, तीन मोटारी व चार संवेदक जोडण्याची सोय, आणि ब्लूटूथ. २०२२ अखेर माइंडस्टॉर्म्स मालिकाच बंद झाली. तिने उभा केलेला प्रश्न मात्र तसाच आहे.

अशा प्रकल्पांत सिद्धी कोणती मानली जाते? कळ दाबली, यंत्र वळले. एवढ्यावर निष्कर्ष निघतो. वस्तुतः यात यंत्राची आज्ञाधारकता तेवढी सिद्ध होते. १८९८ साली न्यूयॉर्क येथे निकोला टेस्ला याने बिनतारी संदेशांनी चालणारी नौका दाखविली, तेव्हाही हेच सिद्ध झाले होते; आणि तिचे मन उसने आहे, हे त्याने स्वतःच १९०० मध्ये लिहून ठेवले. याउलट ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर याने १९४८-४९ च्या सुमारास रचलेली यांत्रिक कासवे केवळ दोन निर्वात नलिकांच्या बळावर प्रकाशाकडे जात, अडथळा लागताच वळत. त्यांना बाहेरून आज्ञा नव्हती. प्रकल्पकर्त्याने आपले यंत्र या दोहोंपैकी कोणाच्या कुळातले, हे आधी ठरवावयास हवे. बहुधा ते ठरविले जात नाही.

परिणाम साध्या गणितात दिसतो. एनएक्सटीचे ब्लूटूथ ग्रहणाकडून प्रेषणाकडे वळताना सुमारे ३० मिलिसेकंद घेते. संवेदकाचे वाचन संगणकाकडे जाऊन निर्णय परत येईपर्यंत असे दोन विलंब धरले, तर सेकंदास ४० सेंटिमीटर वेगाने जाणारे यंत्र जवळजवळ अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. जमिनीवरील काळी रेघ दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर ‘थांब’ ही आज्ञा पोहोचते तेव्हा रेघ मागे पडलेली असते. येथे आज्ञावलीत दोष नसतो. निर्णयाचे स्थान चुकलेले असते. रेघ ओळखण्याचे काम यंत्रातच राहिले पाहिजे; ‘कोणत्या दिशेने शोध घ्यावा’ यासारखी, विलंब सोसणारी आज्ञा खुशाल दुरून यावी.

याहून गंभीर गोष्ट संपर्क तुटण्याची. एनएक्सटीच्या मोटारीस फेऱ्यांची मर्यादा शून्य दिली, तर ‘अमर्याद चाल’ असा तिचा अर्थ होतो. मग संगणक मूक झाला तरी मोटार चालतच राहते आणि यंत्र भिंतीवर जाऊन आदळते. उपाय अवघड नाही : यंत्रातच एक लहान आज्ञावली ठेवावी, तिने संदेशपेटी वाचत राहावे, आणि अर्ध्या सेकंदात नवा संदेश न आल्यास मोटारी थांबवाव्यात. दहा-बारा ओळींचे काम. परंतु प्रात्यक्षिकाच्या दिवशी संपर्क उत्तम असतो, म्हणून ते कोणी करीत नाही. आणि परीक्षकही यंत्र चालत असता संगणक बंद करून पाहत नाहीत.