करड्या रंगाचा मूड आणि वांगणीचा फलाट

आजचा विषय आहे शाई आणि वॉशमधून उतरणारा गावाचा, शहराचा मूड. उदाहरण आपल्याच लाइनवरचं घेऊ, बदलापूरच्या पुढचं वांगणी.

तंत्र तसं साधं. वॉटरप्रूफ शाईने रेषा काढायची, ती वाळली की पाण्याने पातळ केलेली शाई ब्रशने पसरायची. पांढरा रंग वापरायचा नाही. उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. गोम इथेच आहे. करडी छटा मूड इतक्या स्वस्तात देते, की चित्रकार बघायचंच थांबवतो.

वांगणीच्या स्केचमध्ये मग काय येतं? मागे धुक्यात चंदेरीचा सुळका, पुढे ओला फलाट, चार छत्र्या. छान दिसतं हो! पण पाटी झाकली तर हे वांगणी की शेलू, सांगता येईल? हा मूड पावसाचा झाला, गावाचा नाही.

आता मारिओ मिरांडांची मुंबई आठवा. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंती बघा. तिथे धुकं नाही, माणसाला खेटून माणूस आहे. रेषेला श्वास घ्यायला जागा नाही, आणि तोच मुंबईचा मूड. दुसऱ्या टोकाला झैनुल आबेदिन. 1943च्या दुष्काळात कोलकात्याच्या रस्त्यांवर आलेली भुकेली माणसं त्यांनी साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने आणि ब्रशने काढली. मागे इमारती जवळजवळ नाहीतच. तो कोरा कागद म्हणजेच पाठ फिरवलेलं शहर.

दोघांनीही आधी माणूस पाहिला. मग वांगणीत कोण दिसतं? इथे अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात. त्यांतले बरेच जण लोकलमध्ये वस्तू विकून घर चालवतात. त्यांच्यासाठी हा फलाट धूसर नाही. काठीला लागणारी कड, हाताला लागणारा खांब, पुढच्याचा खांदा, सगळं ठाम आहे. एप्रिल 2021मध्ये याच फलाटावर दृष्टिहीन आईसोबत चालणारं मूल रुळांवर पडलं. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावले आणि त्यांनी ते वाचवलं. इथे कडेची किंमत एवढी आहे. आणि आपल्या स्केचमध्ये पहिल्यांदा पाण्यात बुडते ती नेमकी हीच कड!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जिथे हात टेकतो, पाय थांबतो, तिथे रेषा ठाम ठेवा. वॉश लांबच्या डोंगराला द्या. वांगणीचा मूड उदास नाही, तो सावध आहे.