डेबियनची प्रकाशन-टिपणे आणि जुन्या संगणकाचा प्रश्न : एक चिकित्सक वाचन

बीजसंज्ञा : मुक्त सॉफ्टवेअर, लिनक्स, अद्ययावतीकरण, कालबाह्यता, निर्लेखन

प्रस्तावना

यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका ही वाचण्याची नव्हे, तर अडल्यावर चाळण्याची वस्तू समजली जाते. तिचा लेखक सहसा अनामिक असतो आणि भाषा आज्ञार्थी असते. त्यामुळे समीक्षकाचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. परंतु जी संहिता वाचून वाचकाला सहजासहजी मागे न घेता येणारी कृती करावयाची असते, तिची चिकित्सा कादंबरीच्या चिकित्सेइतकीच आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणालीची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यासोबतची प्रकाशन-टिपणे ही अशीच एक संहिता होय. संगणकावरील जुने सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर कसे न्यावे, हे सांगणे हे तिचे प्रमुख कार्य. मात्र ज्यांचे संगणक सर्वांत जुने, त्यांना ती ‘अद्ययावत करू नका’ असे सांगते. हा विरोध कशातून निर्माण झाला आणि हे सांगणे नेमके कोणाच्या कानी पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संहितेचे स्वरूप

डेबियन हा इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेला प्रकल्प आहे. साधारणतः दोन वर्षांनी त्याची नवी स्थिर आवृत्ती येते व तिला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्राचे नाव मिळते. १२ वी ‘बुकवर्म’, १३ वी ‘ट्रिक्सी’.

टिपणांतील अद्ययावतीकरणाचे प्रकरण आज्ञेने सुरू होत नाही, ही त्याची पहिली लक्षणीय गोष्ट. प्रथम माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवा. यंत्र वापरणाऱ्या इतरांना आधी कळवा. यंत्र पुन्हा सुरूच झाले नाही तर काय कराल याचा विचार करून ठेवा. परक्या ठिकाणांहून आणलेली पॅकेजेस काढा. पडद्यावर जे उमटेल त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. एवढे झाल्यावर मूळ कृती, तीही दोन टप्प्यांत : आधी नवी पॅकेजेस न आणता होईल तेवढे, मग उरलेले सर्व. ‘बटण दाबा आणि निश्चिंत राहा’ या बाजारी भाषेची सवय झालेल्या वाचकाला हा क्रम भयकारी वाटेल. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यात लग्नघरातील जाणत्या आत्याबाईंचा सूर ऐकू येतो. काय काय बिघडू शकते हे तिला ठाऊक असते आणि ते ती आधीच सांगते.

मधली आवृत्ती गाळून पुढे उडी घेऊ नये, हा नियमही असाच. १० व्या आवृत्तीवर थांबलेल्या यंत्राला ११ व १२ या पायऱ्या चढूनच १३ कडे जाता येते. हा सोपस्कार नव्हे. ११ व्या आवृत्तीत सुरक्षा-दुरुस्त्यांच्या भांडाराच्या नावाची रचनाच बदलली. १२ व्या आवृत्तीत मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी स्वतंत्र विभाग निघाला. हे बदल ज्याने वाचले नाहीत, त्याचे यंत्र तक्रार न करता चालत राहते. फक्त दुरुस्त्या येणे थांबते. जुन्या यंत्राचा खरा धोका हा आहे. ते बंद पडत नाही, मागे पडते.

किंवा यंत्र तसेच राहते आणि भोवतालचे जग पुढे सरकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स-३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जुन्या ग्रंथालयांवर (येथे ग्रंथालय म्हणजे लायब्ररी या सॉफ्टवेअरी अर्थाने, मराठीत हा शब्द फसवा आहे) चालणाऱ्या अनेक संगणकांना चांगली संकेतस्थळेही अविश्वसनीय वाटू लागली. त्या यंत्रांत त्या दिवशी काहीही बिघडले नव्हते.

‘करू नका’ या वाक्याचा अर्थ

आता मुख्य मुद्दा. ‘आय-३८६’ म्हणजे ३२-बिट पीसी-प्रोसेसरांसाठीची रचना. (खुद्द ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्स कर्नेलमधून डिसेंबर २०१२ मध्येच काढला गेला, नाव तेवढे उरले.) १३ व्या आवृत्तीपासून तिच्यासाठी अधिकृत कर्नेलही नाही आणि स्थापनेची आज्ञावलीही नाही. अशा यंत्रांच्या वापरकर्त्यांनी १३ व्या आवृत्तीवर येऊ नये. शक्य असल्यास ६४-बिट प्रणाली नव्याने बसवावी, अन्यथा यंत्र निवृत्त करावे, असा टिपणांचा सल्ला आहे. उरलेली ‘आय-३८६’ पॅकेजेस ६४-बिट यंत्रांवर जुने सॉफ्टवेअर चालविता यावे एवढ्यापुरती आहेत. म्हणूनच इतर रचनांमध्ये काळाची गणना ६४ बिटांवर नेली असताना हिच्यात ती जुनीच ठेवली. १९ जानेवारी २०३८ या दिवसापलीकडे त्या गणनेला मोजता येत नाही. ज्या रचनेला तिच्या रचनाकारांनीच वस्तुसंग्रहालयाचे काम दिले, तिच्यावर रोजचे यंत्र चालवू नका, असे सांगणे प्रामाणिकच म्हटले पाहिजे. फायरफॉक्सनेही १४४ या आवृत्तीनंतर २०२५ मध्ये ३२-बिट लिनक्सची नियमित साथ सोडली.

आक्षेप प्रामाणिकपणाविषयी नाही. संहितेने गृहीत धरलेल्या वाचकाविषयी आहे. हा वाचक यंत्राचा मालक, व्यवस्थापक आणि वापरकर्ता एकाच वेळी असतो. आपल्या महाविद्यालयांत या तीन व्यक्ती असतात आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटतात. वापरणारा अध्यापक, सांकेतिक शब्द जाणणारा तंत्रज्ञ (बहुधा कंत्राटी, म्हणून बदलणारा), आणि मालकीची नोंद भांडारातल्या जडसंग्रह नोंदवहीत. ‘निवृत्त करा’ हे जे क्रियापद टिपणे सहज वापरतात, त्याला आपल्या कार्यालयीन भाषेत ‘निर्लेखन’ म्हणतात, आणि निर्लेखनाला समिती लागते. तोवर यंत्र जागेवरच राहते. दुरुस्त्यांविना, पण जाळ्याला जोडलेले. ‘करू नका’ या आज्ञेचे पालन असे आपोआप होते, वाचनामुळे नव्हे.

भाषेचा प्रश्नही यातलाच. डेबियनच्या स्थापनेची आज्ञावली २००९ च्या ‘लेनी’ आवृत्तीपासून मराठीतही आहे. प्रकाशन-टिपणे मात्र मराठीत नाहीत. घरात येण्याचे निमंत्रण मराठीत आणि घर सोडण्याची सूचना इंग्रजीत, अशी ही अवस्था. यात दोष डेबियनचा नाही. हा अनुवाद स्वयंसेवकच करतात, आणि मराठीच्या अध्यापकांनी (प्रस्तुत लेखकासह) तो केलेला नाही.

एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या विभागातील एका संगणकावर १२ व्या आवृत्तीची ३२-बिट प्रणाली होती. एम.फिल.च्या क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यावरच होत्या, आणि गाणाऱ्यांपैकी काही आज हयात नाहीत. यंत्राचे निर्लेखन व्हावे, असा शेरा आला. टिपणांतील ‘शक्य असल्यास’ ही अट पाळायची तर ते शक्य आहे की नाही हे कसे ओळखावे, याचे उत्तर त्या परिच्छेदात सापडले नाही. वस्तुतः ते एका शब्दाचे आहे : ‘एल-एस-सीपीयू’ ही आज्ञा दिली की प्रोसेसर कोणत्या रीती जाणतो हे पडद्यावर येते. येथे ३२ आणि ६४ दोन्ही आले. यंत्र कोअर २ ड्यूओ होते, म्हणजे मुळातच ६४-बिट. स्मृती २ जीबी असल्यामुळे कोणीतरी पूर्वी ३२-बिट प्रणाली बसविली होती. त्या निवडीला पुढे यंत्राचे वय समजले गेले. (अ‍ॅटम एन-२७० असलेल्या २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकांना ही सुटका नाही, तो प्रोसेसर खरोखरच ३२-बिट आहे.)

ओव्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर काढल्या, त्या दुसऱ्या संगणकावर ऐकून पाहिल्या आणि मगच ६४-बिट प्रणाली नव्याने बसविली. २ जीबीत ब्राउझर रखडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ध्वनिमुद्रणे ऐकणे, लिप्यंतर टंकणे आणि सुरक्षा-दुरुस्त्या घेणे ही कामे होतात. निर्लेखनाचा शेरा अद्याप मागे घेतलेला नाही. तो मागे घेण्यासाठी काय बदलले हे लिहून द्यावे लागेल, आणि नोंदवहीत या यंत्रापुढे ‘संगणक संच, १ नग’ एवढेच लिहिलेले आहे. प्रोसेसरसाठी तिच्यात रकाना नाही.