नायक जुना, लेखक नवा

एखाद्या महाबली नायकाची चित्रमाला वर्षानुवर्षे चालू असावी आणि तिचा लेखक बदलणार अशी वार्ता यावी, म्हणजे तिच्या वाचकांत जी खळबळ माजते ती साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी निरखून पाहण्यासारखी असते. नव्या लेखकाने अजून एक ओळ लिहिलेली नसते. तरी हा गृहस्थ आपल्या नायकाला पेलू शकेल का, मागच्याने अर्धवट सोडलेला धागा उचलील का, की सगळेच मोडून नव्याने मांडील, याचा खल सुरू होतो. त्याची जुनी पुस्तके शोधून वाचली जातात. त्यांतल्या एखाद्या दुय्यम पात्राच्या बोलण्यावरून तो पुढे काय करील याचे भाकीत वर्तवले जाते. पुस्तक निघण्याआधीच इतकी काळजी करणारा वाचक मराठी कादंबरीकारांपैकी कितीजणांच्या वाट्याला येतो? माझ्या वाट्याला तर अजून आलेला नाही.

या वाचकांना आपण पोरकट म्हणून बाजूला सारतो. दप्तरात सापडलेले चित्रपुस्तक काढून घेणे हे तर आम्हा शिक्षकांचे परंपरागत कर्तव्यच होते. आता काढून घेण्याइतकी चित्रपुस्तके दप्तरांत सापडत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण मला या वाट पाहण्यात टीकेचे अगदी मूळ रूप दिसते. महाबली नायक मरणार नाही, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असते. शेवटी खलपुरुष हरणार, हेही ठाऊक असते. तेव्हा ‘पुढे काय होणार’ हे कुतूहल फार काळ टिकत नाही. उरते ते ‘हा कसा सांगणार’ हे. आणि ‘कसे’ हाच तर टीकेचा विषय.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत जटायूची समाधी दाखवतात. रावणाला जटायूने अडवले ते इथे, अशी या भागातली श्रद्धा आहे. जटायूचे पंख छाटले जाणार आणि तो राम येईपर्यंत प्राण धरून राहणार, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असते. तरीही सप्ताहात त्या आख्यानाला मंडप भरतो. दुपारपासून बायाबापड्या विचारू लागतात, ‘आज कीर्तनाला कोण हाय?’ कथा कोणती, हे कोणी विचारत नाही. कीर्तनकार नवा असला तर म्हातारी माणसे जरा पुढे सरकून बसतात. हा जटायूला नुसते लढवतो की बोलवतो, त्याच्या म्हातारपणाकडे याचे लक्ष आहे की नाही, हे त्यांना बघायचे असते. कीर्तन संपल्यावर पारावर जे बोलणे चालते ते कोणत्याही परीक्षणाच्या तोडीचे असते. परदेशातला चित्रमालेचा वाचक नव्या लेखकाच्या नावाने उतावळा होतो, तो याच जातीचा.

फरक आहे तो मर्यादेचा. कीर्तनकाराला रावणाच्या बाजूने निकाल लावता येत नाही. चित्रमालेच्या लेखकाला, किंवा त्याच्यामागे उभ्या असलेल्या मालकाला, जवळजवळ सर्व काही करता येते. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी जन्माला घातलेल्या स्पायडरमॅनचे लग्न १९८७ मध्ये झाले. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, एका सैतानी सौद्याच्या कथेत ते लग्न झालेच नव्हते असे ठरवण्यात आले. संसार मोडला असता तर वाचकांनी दुःख केले असते. येथे संसार पुसला गेला, म्हणून ते संतापले. मला त्यांचा संताप रास्त वाटतो. दीर्घ मालिकेच्या वाचकाची ठेव म्हणजे त्याची आठवण. तीच खोटी ठरवली तर त्याच्या हाती काय राहिले?

मात्र हाच वाचक कधीकधी कंजूष घरमालकासारखा वागतो, हेही खरे. भाडेकरूने भिंतीला खिळा मारलेला त्याला खपत नाही.

आमच्या पिढीला, आणि आमच्या थोरल्या भावंडांना, हा प्रश्न समजतो तो वेताळामुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ते पुढे मराठीतही येऊ लागले आणि १९९० मध्ये बंद पडले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ मराठीत ‘महाबली वेताळ’ झाला. ज्याला हे नाव सुचले त्याचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही. मूळ शब्दाचा अर्थ भूत किंवा आभास असा काहीतरी. पण वेताळ हा आपल्याकडे भुतांचा राजा आणि गावाचा राखणदारही. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदैवत आहे. रात्री शिवेवरून फेरी घालणारा, वाईट माणसाला धडा शिकवणारा. त्यामुळे डेंकालीच्या जंगलातला हा बुरखेधारी गोरा माणूस मराठी वाचकाला पहिल्या पानापासून ओळखीचा वाटला. हे भाषांतर नव्हे, दत्तक घेणे आहे.

या वेताळाच्या कथेतच लेखक बदलण्याचे कोडे दडलेले आहे. जगाला वाटते, वेताळ अमर आहे, चारशे वर्षे तोच फिरतो आहे. खरी गोष्ट अशी, की १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या वेताळाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख, तोच बुरखा, तीच कवटीची अंगठी घालत आला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या बहुतेक लोकांना हे माहीत नाही. वाचकाला माहीत आहे. चित्रकारांच्या बाबतीत हेच घडले: रे मूर गेले, विल्सन मॅकॉय आले, १९६१ मध्ये मॅकॉय वारले आणि साय बॅरी आले. बुरखा तोच, हात निराळा. लेखक मात्र त्रेसष्ट वर्षे एकच होता. १९७७ मध्ये फॉकने वेताळाचे डायनाशी लग्न लावून दिले, पुढे जुळी मुले दिली. १९९९ च्या मार्चमध्ये तो वारला, तेव्हा प्रथमच प्रश्न आला की आता लिहिणार कोण.

काम आले टोनी डीपॉल यांच्याकडे. ते अगदीच अनोळखी नव्हते. स्वीडनमध्ये निघणाऱ्या वेताळाच्या मासिकासाठी त्यांनी पूर्वी कथा लिहिल्या होत्या. (वेताळाचे भक्त त्याच्या मायदेशापेक्षा स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थानातच अधिक. परमुलखात देव मोठा होतो, तसेच हे.) डीपॉल यांनी काय केले? फॉकने जे दिले होते ते पुसले नाही. त्याची किंमत वाढवली. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि वर्षाहून अधिक काळ चाललेल्या कथानकात डायना मेली असे वेताळाला वाटते. ती जिवंत असते, पण परक्या मुलखातल्या तुरुंगात. अमरत्वाची आख्यायिका पांघरलेला माणूस बायकोच्या दुःखाने खचतो आणि सूडाच्या वाटेने जाऊ लागतो. फॉकचा वेताळ इतका खचला नसता, असे म्हणणारे वाचक असतील. मला वाटते, फॉकने लग्न लावले तेव्हाच हे दुःख शक्य करून ठेवले होते. नव्या लेखकाने ते ओळखले, एवढेच. चांगल्या वारसदाराची हीच खूण. आधीच्याच्या लिखाणात जे होते पण बाहेर पडले नव्हते, ते तो बाहेर काढतो.

इंद्रजालमध्येच आपला एक देशी नायक होता, बहादूर. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये तो निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला. केशरी कुर्ता, खाली जीन्स, चंबळचा मुलूख. बाप दरोडेखोर, त्याला गोळी घालणारा पोलीस अधिकारीच मुलाला वाढवतो. मुलगा आधी सूडाने पेटतो, मग बापाचे खरे रूप कळल्यावर नागरिकांचे संरक्षक दल उभारतो. ही पेरणी फार कसदार होती. पुढे कथालेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेले. त्यांच्या हाती बहादूर चपळ राहिला, पण चपळाईच्या मागची ती जखम मला पुसट झालेली वाटते. नायकाच्या अंगावरचा कुर्ता सांभाळणे सोपे. त्याला तो कुर्ता का घालावासा वाटला, हे सांभाळणे कठीण.

अलीकडचा मासला मुंबईचाच आहे. २००४ मध्ये स्पायडरमॅनचा एक हिंदी अवतार काढण्यात आला: पवित्र प्रभाकर, खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतरासारखे वस्त्र नेसून इमारतींवरून झेपावणारा. २०२३ मध्ये एका परदेशी चलच्चित्रात तो पुन्हा दिसला. ते चित्र मराठी बोलीतही प्रदर्शित झाले, आणि त्याच वर्षी निकेश शुक्ला या ब्रिटिश लेखकाकडे त्याची नवी चित्रमाला आली. मुलांना याचे अप्रूप वाटले हे मी पाहिले आहे. मला मात्र त्या नावाशीच अडखळायला होते. प्रभाकर हे आमच्याकडे आजोबांचे नाव असते. ते ज्या घराचे आडनाव आहे ते घर मुंबईत नेमके कोणत्या चाळीत, कोणत्या जिन्यावर, हे सांगणारा लेखक त्या मुलाला अजून मिळायचा आहे.

मग शुद्ध मराठी नायकाचे काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, हाडकुळा, सायकलवर भिरभिरणारा. त्याला ना पंख, ना मुखवटा. तरी आपल्या मुलांचा महाबली तोच. भागवत २००१ मध्ये गेले. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. क्षितिज पटवर्धन यांची लेखणी, आदित्य सरपोतदार यांचे दिग्दर्शन, अमेय वाघ नायक. यात बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण आहे. बन्याला मिसरूड फुटलेली पाहून जुने वाचक हळहळले असतील, आणि त्यांचे हळहळणे मला समजते. पण या चित्रपटातली एक युक्ती मला विलक्षण वाटली: स्वतः भा. रा. भागवत त्यात एक पात्र म्हणून वावरतात. दिलीप प्रभावळकरांनी ते काम केले आहे. नव्या लेखकाने जुन्या लेखकाला घराबाहेर काढले नाही, माजघरात आणून बसवले. इतका मोकळा आणि इतका आदबशीर वारसा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण हे एकदाच घडले, आणि माझी तक्रार इथेच आहे. आपण लेखकाबरोबर त्याच्या नायकालाही अग्नी देतो. पुढच्या लेखणीला हात लावू देणे म्हणजे विटाळ, असा आपला समज. वास्तविक गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले तेव्हा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर यायचे होते. त्यातली पदे त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली, आणि सिंधूच्या तोंडची ती पदे परक्या हातची आहेत असे ऐकताना कुणाला वाटले नाही. तेव्हा परंपराच नाही असे म्हणता येणार नाही. आपण ती विसरलो.

दुसरे टोकही बरे नव्हे, हे सांगायला हवे. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सीगल आणि शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले. तेव्हापासून तो नायक कंपनीचा झाला, आणि लेखक पाळीवर येणारे मजूर झाले. कादंबऱ्या लिहिणारा म्हणून हा आकडा वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. वारसा असा विकत घेतला जाऊ नये. तो भागवतांच्या बाबतीत झाला तसा, ओळख देऊन, व्हावा.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचा विचार मांडला. कोणाच्या तोंडी काय शोभेल, कुठे काय खपेल, याचा तो विचार. आपण तो पदवीच्या वर्गासाठी राखून ठेवला आहे. पण माझ्या सातवीच्या वर्गात मी मुलांना बन्याची एक नवी गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा हा विचार बाकांवरच सुरू झाला. एका मुलाने बन्याला येडशीच्या स्टेशनावर उतरवले, रामलिंगाच्या घाटात नेले, माकडांनी त्याची टोपी पळवली, आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘ट्टॉक’ घातले. गोष्ट वाचून झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, माकडांचं चांगलंय. पण एवढ्यांदा ट्टॉक केलं तर तो बन्या राहत न्हाई, बेडूक हुतो.’ वर्ग हसला. मुलगा रागावला, मग वही घेऊन खाली बसला आणि एकेक ट्टॉक खोडू लागला. शेवटचा एक खोडावा की ठेवावा, यावर दोघांचे भांडण मधली सुट्टी संपेपर्यंत चालले होते.