अर्ध्या बादलीचा हिशेब

एल.एफ.सी. मिळाली की बँकेतला माणूस देश पाहायला निघतो. आम्ही गेलो जैसलमेरला. ११५६ साली रावळ जैसलने बांधलेल्या तिथल्या किल्ल्यात आजही संसार नांदताहेत. त्यातल्याच एका घरात चार खोल्यांचं हॉटेल. मालक गल्ल्यावर, मालकीणबाई स्वयंपाकघरात आणि आजोबा जिन्यात. जाता-येता त्यांना ओलांडायचं, हाच व्यायाम!

जमेची बाजू : पिवळ्या दगडाचा झरोका आणि मालकीणबाईंची कढी. नावे बाजू : पलंग माझ्यापेक्षा वीतभर आखूड आणि अंघोळीला फक्त अर्धी बादली पाणी. सौ. म्हणाली, "अहो, तक्रारवहीत लिहा." कारकुनाच्या हाती वही! मराठी वळणाच्या हिंदीत पानभर खरडलं.

मालकाने शांतपणे वाचलं. म्हणाला, "साहेब, हा गड वाळवंटाच्या हिशेबाने बांधलाय. पूर्वी पाणी डोक्यावरून यायचं, म्हणून जपून वापरायचे. नळ आले, पाहुणे आले. सांडपाणी पायात मुरलं आणि बुरूज ढासळले."

२०१३ पासून हा गड जागतिक वारसा आहे. वेढे सोसलेला गड माझ्या अंघोळीने खचावा?

"मग हॉटेल चालवताच कशाला?" मी विचारलं.

"पाहुणे थांबले तर आम्हालाही खाली शहरात जावं लागेल. माणसं गेली की उरले नुसते दगड."

हा ताळेबंद काही मला जुळवता आला नाही. पाण्याची तक्रार खोडली, शेजारी रीतसर सही केली.

पलंगाची मात्र ठेवली.