कपटाचा लोप : 'अलादीन' (२०१९) मधील जाफरचे पात्रलेखन

प्रस्तावना :

खलपात्र बलवान असेल तर नायकाच्या शौर्याची कसोटी लागते. ते कपटी असेल तर त्याच्या विवेकाची. मात्र कपटीपणा हा स्वभावविशेष म्हणून नुसता सांगून भागत नाही, तो कथानकाच्या घडणीतून सिद्ध व्हावा लागतो. गाय रिची दिग्दर्शित 'अलादीन' (२०१९) हे डिस्नीच्या १९९२ मधील अ‍ॅनिमेशनपटाचे जिवंत नटांना घेऊन केलेले रूपांतर होय. या चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. तथापि त्यातील वजीर जाफर हे पात्र मूळ पटाच्या तुलनेत फिके वाटते. त्याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दिवा मिळवण्याच्या तीन तऱ्हा :

आंत्वान गालाँ याने अलेप्पोच्या हन्ना दियाबकडून १७०९ साली ही कथा ऐकली आणि 'अरेबियन नाइट्स'च्या आपल्या फ्रेंच अनुवादात समाविष्ट केली. तीत खलनायक वजीर नसून मगरिबी जादूगार आहे. तो मृत शिंप्याचा भाऊ असल्याची बतावणी करून पोरक्या मुलाचा काका बनतो. पुढे जुन्या दिव्यांच्या बदल्यात नवे दिवे देण्याची हाळी घालतो आणि दिव्याचे मोल ठाऊक नसलेल्या राजकन्येकडून तो मिळवतो. १९९२ च्या पटात जाफरचा पोपट इयागो राजकन्या जास्मिनचा आवाज काढून अलादीनला दूर बोलावतो व दिवा पळवतो. पहिल्या प्रसंगात अज्ञानाचा, तर दुसऱ्यात प्रेमाचा लाभ उठवला जातो. २०१९ च्या रूपांतरात मात्र वेषांतर केलेला जाफर रस्त्यात अलादीनला धक्का देतो आणि दिवा लांबवतो. ही हातचलाखी झाली, कपट नव्हे. हा जाफर पूर्वाश्रमीचा भुरटा चोर असल्याने प्रसंग पात्राशी सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यात बळीच्या मनाची पारख नाही.

उघडे पडलेले मन :

१९९२ चा जाफर म्हाताऱ्या कैद्याचे सोंग घेऊन अलादीनला भुलवतो. खरा हेतू दडलेला असतो. २०१९ मध्ये तो वाळवंटात आपल्या खऱ्या रूपातच अलादीनसमोर येतो आणि स्वतःचा भूतकाळही सांगून टाकतो. शेराबादवर स्वारी करावी हा आग्रह तो सुलतानापुढे उघडपणे धरतो. दुय्यम स्थानाविषयीची त्याची चीडही आरंभापासून व्यक्त होते. परिणामी अखेरीस अलादीन नेमक्या त्याच वर्मावर बोट ठेवतो, तेव्हा प्रेक्षकाला नवे काही उमगत नाही. इतरांची वर्मे हेरणाऱ्याला स्वतःचे वर्म दिसू नये, ही मूळ शेवटातील विसंगती येथे बोथट होते.

दुसरी हानी इयागोच्या बाबतीत झाली आहे. पोपटाचे हे नाव शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तील खलपात्राचे आहे. नाटकातील इयागो स्वगतांतून आपले बेत प्रेक्षकांना ऐकवतो. बळीला ठाऊक नसलेले प्रेक्षकाला ठाऊक असते, यातच कपटाच्या नाट्याचा प्राण आहे. अ‍ॅनिमेशनपटात जाफर-इयागो यांच्या खलबतांनी स्वगताचे हे कार्य केले होते. रूपांतरात पोपटाचे बोलणे बरेचसे तुटक शब्दांवर आल्याने ही खिडकी जवळजवळ बंद झाली. म्हणूनच जाफरच्या भूमिकेतील मारवान केन्झारी यांच्या अभिनयाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. खलबतच लिहिलेले नसेल, तर नटाने डोळ्यांत ते आणावे तरी कोठून?

निष्कर्ष :

१. रूपांतरकारांनी जाफरला पूर्वेतिहास दिला, पण त्याची कारस्थानी बुद्धी काढून घेतली. दुष्टतेचे कारण सांगणे म्हणजे दुष्टतेचे कौशल्य दाखवणे नव्हे.

२. पूर्वेतिहास आणि कपट परस्परविरोधी नाहीत. भुरट्या चोराला गर्दीतील माणसे वाचता येतात. हीच विद्या दरबारात वापरताना तो दिसता, तर पात्र अधिक सकस झाले असते.

३. कपट दुबळे झाले की नायकाचा विजयही स्वस्त होतो. आपल्याला कोणी, कसे आणि आपल्या कोणत्या उणिवेमुळे फसवले, हे ओळखायला लावणे हे अशा कथांचे सांस्कृतिक कार्य आहे. २०१९ चा जाफर प्रेक्षकाला थोडा वेळ धाक दाखवतो. सावध मात्र करत नाही.