विमावालाच प्रेमात पडला तर?

लग्न मोडलं तर दहा लाख डॉलर! 'वन नाइट इन द ट्रॉपिक्स' (1940) या हॉलिवूडपटाची सगळी गंमत या एका पॉलिसीत आहे. मूळ कल्पना अर्ल डेर बिगर्स यांच्या 1914 च्या कादंबरीतली. स्टीव्हचं सिंथियाशी लग्न ठरलंय, पण जुनी मैत्रीण मिकी पिच्छा सोडत नाही. म्हणून त्याचा विमाएजंट मित्र जिम त्याला चक्क 'प्रेमाचा विमा' विकतो. जोखीम घेतो रॉस्को नावाचा नाइटक्लबवाला. लग्न पार पडावं म्हणून तो आपली दोन माणसंही मागावर सोडतो: अ‍ॅबट आणि कॉस्टेलो. आणि मग जिम स्वतःच सिंथियाच्या प्रेमात पडतो.

आता हे संशोधकाच्या नजरेने बघा. जोखीम मोजणारा त्रयस्थ असतो, असं आपण धरून चालतो. इथे त्रयस्थ कोणीच नाही. रॉस्कोला लग्न व्हायला हवंय, म्हणून तो लग्नातच हात घालतो. सगळ्यांच्या लेखी धोका म्हणजे मिकी. खरा धोका पॉलिसी विकणाराच. औषधांच्या चाचण्यांत खरं औषध कोणाला मिळालं हे अनेकदा डॉक्टरांपासूनही लपवतात, ते याचसाठी. डॉक्टर लबाड असतात म्हणून नव्हे, त्यांनाही पेशंट बरा व्हायला हवा असतो म्हणून. जिमही लबाड नाही. शोधपत्राच्या शेवटी 'हितसंबंधांचा संघर्ष नाही' असं बिनधास्त लिहून टाकण्याआधी त्याला आठवा.

सिनेमाला मात्र आपल्या हातात काय लागलंय हे कळलेलंच नाही. पळापळ रंगात आली की जेरोम कर्न यांचं गाणं सुरू होतं (चाली गोड आहेत, तक्रार जागेची आहे), आणि सगळी वरात सान मार्कोस या काल्पनिक देशात पोचते तोवर पॉलिसी निव्वळ निमित्त उरते.

भाव खाऊन जातात ते दुय्यम भूमिकांतले अ‍ॅबट-कॉस्टेलो. हा त्यांचा पहिलाच सिनेमा. त्यांचा गाजलेला 'हूज ऑन फर्स्ट' इथे त्रोटक रूपात आहे: बेसबॉल खेळाडूचं नावच 'हू', त्यामुळे एक जण नाव सांगतो आणि दुसऱ्याला तो प्रश्न वाटतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर! लॅबमध्ये 'सॅम्पल' म्हणजे एकाच्या लेखी एक ट्यूब आणि दुसऱ्याच्या लेखी अख्खी बॅच असते, तेव्हा नेमकं हेच चालतं. फक्त तिथे कोणी हसत नाही.